भिंतीतली हवा

मंगळवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी घराच्या मागच्या खोलीत तो आवाज पहिल्यांदा झाला. खोलीत त्या वेळी माणसे दोन होती. मायक्रोफोनसमोर बसून एका बोलक्या पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचणारी सूनबाई, आणि तिच्या मागे स्टुलावर, कानांना हेडफोन लावून तांत्रिक देखरेख करणारे तिचे सासरे. आवाज लांबट होता, ओलसर होता आणि शेवटाकडे वर चढत गेल्यामुळे त्याने काहीतरी प्रश्न विचारल्यासारखे वाटले.

"थांब," सासरे म्हणाले. "पाइपात हवा आहे."

सूनबाईने मागे वळून पाहिले. तिची नजर भिंतीकडे न जाता सासऱ्यांच्या शर्टाच्या चौथ्या बटणावर गेली. पण तिने ती लगेच काढून घेतली. "असेल, बाबा," ती म्हणाली.

सासरे तंत्रनिकेतनात नळवाहिन्या आणि दाब हा विषय शिकवून निवृत्त झाले होते. तिथल्या विद्यार्थ्यांनी ठेवलेले 'प्रेशरमास्तर' हे नाव त्यांच्याबरोबर घरापर्यंत आले होते. सूनबाईला चार वर्षांनी हाती काम आले, तेव्हा मास्तरांनीच या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या, दाराच्या कडेने रबरी पट्टी बसवली आणि खिडकीला दुहेरी काच घातली. आज संध्याकाळी सहाच्या आत पहिले प्रकरण कंपनीकडे पोचायला हवे होते. शर्यतीत दुसरीही एक वाचक होती. जिचे प्रकरण पसंत पडेल तिला पूर्ण पुस्तक मिळणार होते. अशा वेळी भिंतीने गुरगुरावे, हे मास्तरांना व्यक्तिशः अपमानास्पद वाटले.

आता मास्तरांच्या पोटाविषयी थोडे सांगणे भाग आहे. गेले काही महिने जेवणानंतर ते फुगत असे. डॉक्टरीणबाईंनी शनिवारी सांगितले होते, की सावकाश खा, नीट चावून खा, सोडा पिऊ नका आणि कोंडा, शेंगा, पालेभाज्या हळूहळू वाढवा. 'हळूहळू' हा शब्द प्रशिक्षण नसलेल्या लोकांसाठी असावा, असा मास्तरांनी अर्थ लावला. रविवारपासून त्यांनी एकदम पूर्ण भाराने चाचणी सुरू केली. वाटाणे, कोबी, राजमा, कोंड्याचा पाव आणि वर दोन सफरचंदे. ताट दुप्पट झाले, पण जेवणाची वेळ त्यांनी पूर्वीइतकीच ठेवली. साहजिकच वेग दुप्पट झाला. सोडाही त्यांनी सोडला नाही, कारण ढेकर येण्यासाठी तो आवश्यक आहे, अशी त्यांची धारणा होती. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळत नाही, हा प्रयोगशाळेचा नियम मोडला म्हणून त्यांनी आयुष्यात पुष्कळ मुले नापास केली होती.

"नळ घाईने सोडला, की पाण्याबरोबर हवा आत शिरते," ते सुनेला समजावू लागले. "मग ती वाकणावर अडकते, पुढे सरकते आणि असा आवाज करते. साधी गोष्ट आहे. माणसं घाई करतात."

"हो ना," सूनबाई म्हणाली. "माणसं फार घाई करतात."

मास्तरांनी जिन्यातला मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. वाचन पुन्हा सुरू झाले. चौथ्या वाक्याला भिंत पुन्हा बोलली, आणि या वेळी तिने दोन सुरांत बोलून दाखवले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी अंगाला टॉवेल गुंडाळून दारात आले.

"मास्तर, डोक्याला साबण लावून उभा आहे हो मी! पाणी कुठं गेलं?"

"चाचणी चालू आहे."

"तुमची चाचणी, आणि डोळे माझे चुरचुरतायत!"

व्हॉल्व्ह उघडावा लागला. दुपारपर्यंत सूनबाईने ते प्रकरण सहा वेळा सुरू केले आणि सहा वेळा सोडले. सकाळच्या चहावर ती तशीच बसून होती. "आधी हे होऊ दे, आई," असे म्हणून तिने सासूबाईंनी वाढलेले ताट दोनदा परत पाठवले. मास्तर मात्र जेवले. भिंतीवर नजर राहावी म्हणून उभ्याने जेवले, जेवताना पाण्याच्या दाबाविषयी बोलत राहिले आणि शेवटी गार सोडा एका दमात प्याले.

"अहो, घास तरी चावा," सासूबाई म्हणाल्या. "पोट आहे की पोतं?"

"वेळ नाही. भिंतीत बिघाड आहे."

"भिंतीला काय झालंय? भिंत काय वाटाणे खाते?"

या प्रश्नात तांत्रिक मुद्दा नसल्याने मास्तरांनी उत्तर दिले नाही.

दीड वाजता प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, बोटांनी ठोकून पाहिले आणि डोळे मिटून वाट पाहिली. आवाज झाला. प्लंबरने डोळे उघडले.

"मास्तर, तुम्ही जरा त्या कोपऱ्यात उभं राहता?"

मास्तर कोपऱ्यात गेले. आवाज कोपऱ्यात झाला.

"आता दाराशी या."

आवाज दाराशी झाला.

"तुमच्या पाइपाला पाय फुटलेत," प्लंबर म्हणाला.

"याला परावर्तन म्हणतात," मास्तर म्हणाले. "ध्वनी भिंतीवर आपटून परत येतो. तू शिकला नसशील. इथं फोड." त्यांनी गादी बाजूला करून भिंतीवर पेन्सिलीने एक शुद्ध वर्तुळ काढले. या घराच्या नळांचा नकाशा त्यांनी स्वतःच केला होता, आणि त्या नकाशात पाइप बरोबर इथून जात होता.

"बाबा, राहू दे ना," सूनबाई काकुळतीला आली. "धूळ होईल. सहाच्या आत पाठवायचंय."

"म्हणूनच फोडायचं."

प्लंबरने वर्तुळ फोडले. आत वीट होती. विटेमागे आणखी एक वीट होती. पाइप नव्हता, तो तिथे कधी असल्याचा पुरावाही नव्हता. ठोकाठोक ऐकून सासूबाईही आल्या होत्या; चौघेही त्या भोकाकडे पाहत उभे राहिले. मास्तर आपल्या नकाशाची अक्षांश-रेखांशासह मनातल्या मनात उजळणी करत होते आणि खोलीत नीरव शांतता होती. त्या शांततेत, जुने कपाट फरशीवरून ओढत न्यावे तसा प्रदीर्घ आवाज मास्तरांच्या पट्ट्याच्या वरून निघाला, अर्धा वळसा घेऊन डावीकडे गेला आणि तिथे दोन बुडबुडे फोडून थांबला.

कोणीही हसले नाही. हे सर्वांत वाईट होते.

"मी निघतो," प्लंबर छताकडे पाहत म्हणाला. "हे काम आमच्यात बसत नाही."

"बाबा," सूनबाई अतिशय हळुवारपणे म्हणाली, "मी धूळ पुसून घेते. तुम्ही तोवर जरा चालून येता? बाहेर हवा छान आहे."

"आतही काही कमी नाही," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी हेडफोन काढून घडी घातल्यासारखे स्टुलावर ठेवले आणि ते बाहेर पडले. इमारतीभोवती फेऱ्या मारताना त्यांना सगळा दिवस स्वच्छ दिसू लागला. घाईने आत गेलेली हवा, वाकणावर अडकणे, पुढे सरकणे. सकाळी सुनेला त्यांनी स्वतःच्या पोटाचे संपूर्ण वर्णन एकही चूक न करता ऐकवले होते. निदान अचूक होते, फक्त रोगी चुकला होता. आणि ती बिचारी दहा वाजून सात मिनिटांपासून सगळे जाणून असूनही "असेल, बाबा" म्हणत राहिली होती. या मुलीचे काम गेले, तर ते एका ताटभर वाटाण्यांमुळे आणि एका हुशार माणसामुळे जाणार होते. पाचव्या फेरीला पोट बरेच हलके झाले. मन झाले नाही.

पावणेसहाला ते परतले तेव्हा प्रकरण कंपनीकडे गेलेले होते. सात वाजता फोन वाजला. सूनबाईने तो ऐकला आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग कानापर्यंत लाल झाला.

"पुस्तक मलाच दिलं," ती म्हणाली. "वाचन आवडलं त्यांना. फक्त... अकराव्या मिनिटाला कसलीशी गुरगुर आलीय म्हणे. तेवढा तुकडा पुन्हा वाचून पाठवायचाय."

"गुरगुर?" सासूबाई चमकल्या. "पण तेव्हा हे तर बाहेर होते. खोलीत तर तू एकटीच..." त्या बोलता बोलता थांबल्या. दुपारी दोनदा परत आलेले ताट अजून ओट्यावर झाकून होते. सूनबाई ओढणीच्या टोकाशी चाळा करत जमिनीकडे पाहू लागली.

मास्तर घसा खाकरून उभे राहिले.

"तो आवाज माझाच," ते म्हणाले. "मी त्या वेळी बरोबर खिडकीखालून जात होतो. दाब फार होता."

"बाबा, पण खिडकीला दुहेरी काच आहे."

"ती मी बसवलेली आहे. माझ्या कामाचा दर्जा तू त्या भिंतीत पाहिलासच. चल, ताट घे. मीही बसतो. थोडंसंच खाईन."

ते सुनेसमोर बसले, वाटाण्याची वाटी त्यांनी स्वतःहून दूर सारली, सोडा मागितला नाही, आणि पहिला घास तोंडात असेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. सूनबाईने दोन घास खाल्ल्यावर मान खाली घालून जे हसायला सुरुवात केली, ते तिला ठसका लागेपर्यंत थांबले नाही.

"सावकाश," मास्तर म्हणाले. "हवा जाते आत."

सूनबाईला मिळालेल्या पुस्तकाची एकूण प्रकरणे : तेवीस.