बेल काढून ठेवणारा भाडेकरू

मिलिंद आमच्या वाड्यात माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आला त्या दिवशी त्याने सामान लावायच्या आधी दाराची बेल काढली. वायरींना नीट चिकटपट्टी लावली, बेल कागदात गुंडाळली आणि मला आणून दिली. "काकू, ही तुमच्याकडं ठेवा. आपल्याला लागत न्हाई."

मी म्हटलं, लोकांनी दार वाजवायचं का मग? तर म्हणाला, तेही लागत नाही. मला वाटलं, आठ दिवसांत येईल परत मागायला.

आला नाही. त्याच्या दाराशी येणाऱ्या माणसाला दार वाजवावंच लागत नाही. दर थोड्या वेळाने मिलिंद स्वतःच उठून दार उघडून बघतो. कुणी नसलं की लावून घेतो. कुरिअरवाला दारावर थाप मारायला हात उचलतो, तेवढ्यात दार उघडतं आणि त्याचा हात हवेतच राहतो. मीटरचं रीडिंग घेणाऱ्याने तर मला विचारलं होतं, आतल्या साहेबांनी कॅमेरा बसवलाय का. अंबडसारख्या गावात एवढी गोष्ट पसरायला पुरते.

मिलिंद तिशी ओलांडलेला, अविवाहित. पुण्याच्या एका कंपनीचं काम इथूनच करतो. सोबत त्याचे वडील, अण्णा. कुंभार पिंपळगावला शिक्षक होते, निवृत्त झाले. झटक्याने त्यांची वाचा गेली, उजवा हात आणि पाय गेला. डावा हात तेवढा चालतो. मिलिंद सकाळी अंगणात दिसला की "जयभीम काकू" म्हणतो आणि मी उत्तर देईपर्यंत आत गेलेला असतो. अण्णांकडे बघायला.

तू नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारलं. मी सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरला चढवायचा, पुढच्या टेबलावर पाठवायचा. हे सांगितल्यावर मिलिंदचा चेहरा एकदम खुलला.

"काकू, तुमच्यासारख्यांना मधून काढणं, हेच माझं काम हाय."

मग त्याने समजावून सांगितलं. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक खोटे कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच. जसे आमच्या वाड्यातले भाडेकरू. बाहेरून माहितीची पाकिटं येतात. पाकीट आलं की घंटी वाजते, कारकून हातातलं काम टाकून उठतो, पाकिटाची नक्कल करतो, नोंद करतो आणि आतल्या खोलीत पाठवतो. तासाला चार पाकिटं असली तर ठीक. पण सेकंदाला लाखो यायला लागली की कारकून नुसता उठबस करतो आणि पाकिटं दारातच पडतात.

"मंग आपण काय करतो? घंटी बंद. कारकून बंद. नक्कल बंद. एक माणूस दाराशी बसवायचा आणि त्यानं सारखं बघत राह्यचं. आलं का, आलं का, आलं का."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तरी बघायचं."

"त्या माणसाला पगार कशाचा?"

"बघायचाच," तो म्हणाला. "एक माणूस त्याच्यात पुरा जळतो, हे खरं. पण एकबी पाकीट पडत न्हाई."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून किती कागद पडले असतील, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एक जुनी खिडकी होती, फळ्या ठोकून बंद केलेली. मिलिंदने ती माझ्या परवानगीने उघडली. कट्ट्यावर खडूने चार चौकोन आखले. मी भाजीची वाटी चौकोनात ठेवायची, हाक मारायची नाही. तो येऊन उचलणार, तीच वाटी धुऊन त्याच चौकोनात पालथी ठेवणार. सुलटी म्हणजे भरलेली, पालथी म्हणजे रिकामी. दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं नाही. "नक्कल कामून करायची? फुकट टाइम जातो."

पद्धत चांगली होती. फक्त एकदा मी केसांना लावायला भिजवून वाटलेली मेथी त्या चौकोनात ठेवून आंघोळीला गेले. बाहेर आले तर वाटी धुतलेली, पालथी. संध्याकाळी मिलिंद म्हणाला, "काकू, आजचं पिठलं कडू व्हतं जरा. पण मी फोडणी देऊन घेतलं. अण्णांनीबी खाल्लं." मी दुसऱ्या दिवशी केसांसाठी दुकानातून तेल आणलं.

दिवसभर भिंतीपलीकडून त्याच्या खुर्चीचा आवाज यायचा. खुर्ची सरकली, चपला वाजल्या, अण्णांच्या खोलीपर्यंत गेल्या, परत आल्या. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मीटिंग चालू असली तर कानाला हेडफोन लावून, इंग्रजीत बोलत बोलत. अण्णांना काही नको असलं की ते डाव्या हाताचं एक बोट उचलत. बहुतेक वेळा बोटच.

मला हे पटत नसे. मी त्याला म्हटलंही, अरे, अण्णांच्या उशाशी एक बेल ठेव आणि निवांत काम कर. तो नुसता हसला.

मग यंदाच्या थंडीत कंपनीने सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. मिलिंदला जाणं शक्य नव्हतं आणि नोकरी सोडणंही शक्य नव्हतं. त्याचे साहेब एका शनिवारी संभाजीनगरला येणार होते. समोर बसून सांगितलं तर ऐकतील, असं त्याला वाटत होतं. मला शनिवारची सुट्टी. मी म्हटलं, जा, अण्णांचं मी बघते.

निघताना त्याने तीनदा बजावलं. "काकू, हाक येणार न्हाई. तुम्हीच बघत राहा. दर पाच मिनिटाला."

मी बरं म्हटलं. आणि तो बसमध्ये बसला असेल-नसेल तोवर माझी पद्धत सुरू केली. ऑफिसातल्या माझ्या टेबलावरची बेल मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. वरून दाबली की टणकन वाजणारी, कागद घेऊन येणारा वाजवतो ती. ती अण्णांच्या डाव्या हाताशी ठेवली. वाजवून दाखवायला सांगितलं, त्यांनी वाजवली. बारा वाजता त्यांना जेवू घातलं, पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि घरी येऊन कपाट आवरायला घेतलं. बेल वाजली नाही. एका बेलने काम होत असताना हा पोरगा दिवसभर चपला झिजवतो, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

चार वाजता चहा घेऊन गेले. पेला लवंडलेला होता. सदरा, चादर, गादी, सगळं भिजून गार पडलं होतं. अण्णा कुडकुडत होते, ओठ काळेनिळे. बेल जागेवर नव्हती. त्यांनी ती पंच्यात गुंडाळली होती आणि वर डावा हात दाबून धरला होता. चुकून वाजू नये म्हणून.

मला बघताच त्यांनी ते एक बोट उचललं. काही नको.

मी त्यांचे कपडे बदलले, गादी उलटली, शेगडी आणली, पाय चोळले. मिलिंद आल्यावर झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने आधी अण्णांच्या कपाळाला हात लावला, मग पंचा उलगडून बेल बघितली आणि माझ्या हातात दिली.

"झटका आला तवा ते गावाकडं एकटेच व्हते, काकू. फोन हातात व्हता. माझा नंबर काढून ठेवला व्हता. दुपारची येळ. माझी मीटिंग असती त्या टायमाला, त्यांना ठाऊक. हिरवं बटन दाबलंच न्हाई. दोन-अडीच तास तसेच पडून. शेजारचा माणूस सहज आला म्हणून कळलं."

मी नोकरीचं विचारलं. जूनपर्यंत इथून करू दिलं आहे, पुढचं पुढे, असं म्हणाला आणि चहाची कपबशी धुवायला गेला.

सोमवारी बेल ऑफिसात परत नेली. तिथे ती वाजली की मी अजून उठते.

घरी असले की पोळी तव्यावर टाकते आणि मधल्या खिडकीतून वाकून बघते. तिथून अण्णांचा पलंग दिसतो. ते बोट उचलतात. पोळी उलटते, पुन्हा बघते. मी मिलिंदला याबद्दल काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी, मी स्वयंपाकघरात असले की पलीकडची खुर्ची हल्ली अर्धा-अर्धा तास सरकत नाही.