हॅरिस साहेबांचं विकलेलं सामान

संध्याकाळी पाहुणा कोणाच्याही घरी येतो. पण स्वतःच रीतसर विकलेली खुर्ची बसायला मागणारा पाहुणा नेवाशात एकच होता. हॅरिस साहेब हमीदचाचांच्या शिलाईच्या दुकानाशी थांबत, हॅट काढत आणि विचारत, "चाचा, आमची खुर्ची रिकामी हाय का?"

खुर्ची त्यांची राहिलेली नव्हती. हमीदचाचांनी ती पैसे मोजून घेतली होती. तरीही ते मशीन थांबवून उठत, खुर्चीवरचे बेतलेले सदरे उचलत आणि म्हणत, "आपलीच हाय साहेब, बसा." साहेब बसत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे फिरवून पाहत. "जवसाचं तेल लावलं न्हाई या महिन्यात," असा शेरा मारत आणि डोळे मिटून घेत. दिवेलागणीपर्यंत मशीनची खडखड आणि साहेबांचं हलकं घोरणं बरोबरीने चाले.

साहेब तरुणपणी विलायतेहून आले ते जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची यंत्रं बसवायला. यंत्रं बसली आणि साहेबही बसले. सगळी नोकरी बॉयलरपाशी गेली. मराठी ते फिटर आणि आगवाल्यांकडून शिकले, त्यामुळे त्यांचं बोलणं थेट आमच्या शिवारातलं. त्यांच्या पत्नी एडिथबाईंनी मात्र पुण्याच्या एका मास्तरांची शिकवणी लावली होती. साहेबांना जे "लई" वाटे, ते बाईंना "अत्यंत" वाटे. दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलत, भांडत मात्र मराठीत. शेजाऱ्यांना न्याय करता यावा म्हणून, असं बाईंचं म्हणणं.

निवृत्तीनंतर त्यांनी प्रवरेच्या बाजूला एक लहान बंगली भाड्याने घेतली. मूल नव्हतं. विलायतेत बाईंची बहीण होती, समुद्राकाठच्या गावात. तिने या दोघांसाठी दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या आणि ती वाट पाहत होती. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दिवाळीत, साहेबांनी जाहीर केलं, "आता काय, निघालोच."

मग सामानाची विक्री झाली. ती सगळी बाईंनी केली, आणि ज्या रीतीने केली त्यावर गाव महिनाभर हसलं. नगरचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला होता. सगळं सामान एकगठ्ठा उचलतो म्हणाला. बाईंनी त्याला सरबत पाजून परत पाठवलं. नदीपलीकडच्या एका बागाईतदाराला जेवणाचं टेबल हवं होतं. तो चढा भाव द्यायला तयार होता. बाईंनी ते स्वस्तात स्टँडाच्या रस्त्यावरच्या नानाशेठच्या चहाच्या हॉटेलला दिलं. आरसा बाबूराव न्हाव्याला. ठोक्यांचं मोठं घड्याळ आमच्या घरी आलं. आम्ही मागितलंही नव्हतं. बाई स्वतः येऊन आईला म्हणाल्या, "घड्याळ आपण घ्यावं. आपलं घर कोपऱ्यावर आहे." घर कोपऱ्यावर असण्याचा आणि घड्याळाचा संबंध काय, ते आम्हाला कळलं नाही. या लोकांनी एवढी वर्षं या देशात व्यापार कसा केला, हे कोडं मात्र त्या दिवसांत सगळ्या गावाला पडलं होतं.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा नेवाशाचा वार्ताहर होतो. तिकिटं निघाल्याचं कळताच मी बातमी पाठवली. "हॅरिस दांपत्य मायदेशी रवाना." बातमी छापून आली त्या दिवशी साहेब नानाशेठच्या हॉटेलात, आपल्या टेबलाशी बसले होते.

"वाचा की शेठ मोठ्यानं. चष्मा घरी ऱ्हायला," साहेब म्हणाले.

नानाशेठनी वाचली.

"बरं लिव्हलंय," साहेब म्हणाले. "कवा निघालो म्हनं आमी?"

संपादकांचं कार्ड आलं. रवाना झालेले गृहस्थ चहा पीत असल्याचे समजते, खुलासा करावा. माझ्याकडे खुलासा नव्हता. साहेबांकडे बरेच होते. बाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं मुरायचं होतं. ते मुरलं, तेव्हा बाईंची दाढ दुखायला लागली. दाढ काढली तोवर पाऊस गेला, विहिरी तळाला लागल्या, माणसं खडी फोडायला जाऊ लागली. साहेब म्हणाले, "गाव अडचनीत असताना निघालो तर पळाल्यागत दिसंल." प्रत्येक कारणाच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य असे, "बाकी आता काय, निघालोच."

तिकिटं रद्द झाली. बंगलीत दोन खाटा, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी एवढंच उरलं. आणि साहेबांचा फेरा सुरू झाला. सकाळी बाबूरावकडे, आपल्या आरशापुढे दाढी. बाबूराव सांगे, "रोज इचारत्यात, आमी दिसतो कसं? म्या म्हनतो, सायबासारखं." दुपारी नानाशेठकडे. तिथे टेबलावर ओला ग्लास ठेवणाऱ्या गिऱ्हाईकाला ते उठून दुसरीकडे बसायला लावत, आणि नानाशेठ गिऱ्हाईक गेलं तरी साहेबांना काही म्हणत नसत. संध्याकाळी हमीदचाचा. आणि रविवारी आमच्याकडे, घड्याळाला चावी द्यायला.

"आपल्याला काय चावी देता येत नाही?" मी एकदा आईला म्हणालो.

"येऊ दे त्यांना," आई म्हणाली. एवढंच.

साहेब ओसरीवरून सरळ माजघरात येत. हात वर जाई, घड्याळाच्या माथ्यावरची किल्ली बोटांना लागे. चावी देताना ते डोळे मिटून आतला आवाज ऐकत. "अजून बसलं न्हाई हे तुमच्या घरात," म्हणत. "नवीन भिंत हाय. रुळायला येळ लागतो." घड्याळ रुळल्याशिवाय निघणं बरं दिसलं नसतं, हे ओघानेच आलं.

मग ते ओसरीवर बसत. दुष्काळातल्या दुपारी फार लांब होत्या. रस्त्यावर माणूस नसे, नदीच्या कोरड्या पात्रातून गरम वारा येई, आणि साहेब अर्धवट झोपेत बोलत राहत. "तिकडं समिंदर हाय, आक्का. एडिथच्या भनीच्या खिडकीतून दिसतो. करडा, थंडगार." आई पंख्याने वारा घेत हूं म्हणे. "पन सपनात येतो तवा समिंदर तिथं नसतो. हितंच असतो, मंदिराच्या अलीकडं. काठाला नानाशेठचं हाटेल. काल एक पोलीस आला सपनात. इंग्लिश. टोपी काढून म्हनला, साहेब, च्या घ्या."

"घेतला का?" आईने विचारलं.

"घेतला की. आलं लई घातलं हुतं."

पुढची दिवाळी आली. बहिणीचं वय झालं होतं. नाताळापर्यंत या, नाहीतर खोल्या दुसऱ्या कुणाला देते, असा तिचा निरोप होता. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. साहेबांच्या कारणांचा साठा आता संपत आला असावा, असा माझा अंदाज होता. बातमी तयार ठेवावी म्हणून मी मजकूरही मनाशी जुळवला होता.

आई त्या आठवड्यात मामाकडे खर्ड्याला गेली होती. दुष्काळ असला तरी दिवाळीला चुना लावायचाच, म्हणून मी माजघर रंगवायला काढलं. घड्याळ उतरवलं आणि रंग झाल्यावर समोरच्या भिंतीवर टांगलं. ओसरीतून वेळ दिसावी, एवढाच विचार होता. खालची लाकडी पेटीही सरकवली.

रविवारी साहेब आले. नेहमीप्रमाणे सरळ आत गेले. हात वर गेला आणि ओल्या भिंतीला टेकला.

हात तिथेच राहिला. मग हळूहळू डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली आला. घड्याळ त्यांच्या पाठीमागे टिकटिकत होतं.

"आक्का?" त्यांनी हलक्या आवाजात हाक मारली.

"आई खर्ड्याला गेलीय, साहेब."

"आसं व्हय. घड्याळ कुठं हाय?"

"मागे. समोरच्या भिंतीवर."

ते वळले आणि टिकटिकीच्या दिशेने चालू लागले. पेटी त्यांच्या गुडघ्याला लागली. पेटी चांगली कमरेला येईल एवढी होती. दार उघडं होतं, उजेड भरपूर होता.

मी घड्याळ उतरवलं, जुन्या खिळ्यावर लावलं, पेटी जागेवर ओढली. साहेबांनी चावी दिली. चुन्याने पांढरा झालेला हात रुमालाला पुसला. "धुरळा लई झालाय औंदा," म्हणाले आणि गेले. खोलीत धुरळा नव्हता. मी दारात उभा राहून पाहिलं. कोपऱ्यावर आमच्या ओट्याला काठी टेकवून ते थांबले, मग वळले, आणि सरळ रेषेत हमीदचाचांच्या दुकानाकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी मी बंगलीवर गेलो. बाई ट्रंकेवर बसून मोजे रफू करीत होत्या. दुसऱ्या ट्रंकेकडे बोट करून म्हणाल्या, "बसावं."

मी विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. "काचबिंदू. निवृत्त होण्यापूर्वीच मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेलेली दृष्टी परत येत नाही. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं."

"मग बहिणीकडे गेलेलं बरं नाही का? तिकडे सोयी असतील."

"सोयी उत्तम आहेत. बहिणीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. यांना तो दिसणार नाही. फाटकापर्यंत जायचं तरी माझा हात धरावा लागेल. इथे ते हमीदचाचांकडे एकटे जातात."

मी रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "म्हणून सामान..."

"नगरला गेलं असतं तर ते तिथवर कसे गेले असते?" बाई म्हणाल्या. यात न समजण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटत नसावं. "वळणावर एक ओळखीचं घर हवं होतं. घड्याळ म्हणून तुम्हाला दिलं. आपल्या मातोश्रींना ते लगेच कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही."

बाबूराव, नानाशेठ, हमीदचाचा. ज्याला कळायचं राहिलं, असा गावात मी एकटाच असावा. बातम्या देणं हे माझं काम होतं.

"पण साहेब तर सारखे निघालोच म्हणतात."

बाईंनी दोरा दाताने तोडला. "त्यांना वाटतं, मला बहिणीकडे जायचं आहे. म्हणून माझ्यासाठी ते रोज निघतात. मग रोज एक कारण काढून थांबतात, आणि ते मला ओळखू आलं नाही, असं त्यांना वाटतं."

"आणि नाताळ?"

"बहिणीला मी कळवलं आहे, खोल्या देऊन टाक म्हणून. बरेच दिवस झाले." त्यांनी दुसरा मोजा उचलला. तिला पुन्हा भेटणं आता होणार नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. "यांना सांगू नका. कारणं काढायचं सोडून देतील. फार चांगली असतात त्यांची कारणं."

मी संपादकांना खुलासा पाठवला. हॅरिस दांपत्याचा प्रवास काही कारणास्तव लांबणीवर पडला आहे. उलट कार्ड आलं, कोणत्या कारणास्तव? मी कळवलं, लोणचं मुरायचं आहे. ते त्यांनी छापलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीला चुना लावायला माणूस आला. आई माजघराच्या दारात पाट टाकून बसली, आणि त्याने घड्याळाच्या कडेकडेने कुंचला फिरवला. घड्याळामागे जुन्या रंगाचा चौकोन तसाच राहिला. बाबूरावच्या आणि हमीदचाचांच्या दुकानातही त्या साली रंग असाच लागला.

रविवारी साहेब आले. दारातच त्यांनी वास घेतला.

"चुना मारला जनू?"

"व्हय," आई म्हणाली.

"आन् घड्याळ?"

"हाय तिथंच हाय."

हात वर गेला, किल्ली लागली. साहेबांनी डोळे मिटून चावी दिली, आतला आवाज ऐकला आणि मान हलवली. "अजून बसलं न्हाई, आक्का."

"बसंल की. घाई हाय का कुनाला?"

"आमाला हाय ना. आता काय, निघालोच," साहेब म्हणाले, आणि ओसरीवर जाऊन खांबाला टेकून बसले. आई चहा टाकायला उठली.