परबकाका, जीप आणि चार माणसांचं वजन

आमच्या घोडपदेवच्या चाळीतले परबकाका जीपमध्ये चढण्याआधी चपला काढतात. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीने. मग अनवाणी पायाने क्लच दाबतात. बऱ्याचदा चपला तिथेच राहतात आणि गाडी निघून जाते. त्यामुळे काकांकडे येणारा माणूस जिना चढण्याआधी खाली बघतो. चपला दिसल्या, म्हणजे काका घरी नाहीत.

काका गोदीतल्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी डिझेल जीप घेतली, गावच्या वाटेसाठी. काकू गेल्या, मुलगा नितीन बायकोमुलीसह कॅनडात. खोलीत काका एकटे आणि खाली जीप.

गेल्या वर्षी त्यांनी जीपला मोठे टायर बसवले. गाडी चार बोटं उंच झाली आणि तिच्या अंगातला जोर गेला. चाक मोठं झालं की ते फिरवायला इंजिनाला जास्त ताकद लागते. भायखळ्याचा पूल चढतानासुद्धा ती धापा टाकू लागली. लालबागच्या मोहिते मेकॅनिकने दोन वाटा सांगितल्या. एक तर जुने टायर परत लावा, नाहीतर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलांतले क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर पोचवणारी दातेरी चक्रं, बदलून गिअरचं प्रमाण नव्या चाकांना जुळवून घ्या. हेही म्हणाला, की शहरात एकट्याने फिरायचं असेल तर आहे तेही चालेल.

काका म्हणाले, "घाई नको. पिनियन आहे, पायजमा नाय."

हे 'घाई नको' पाच महिने चाललं. काकांनी दाताच्या डॉक्टरांना विचारलं, गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारलं. माझ्या आत्याच्या तेराव्याला आलेले एक पाहुणे पूर्वी एसटी चालवायचे, हे कळल्यावर काकांनी पानावरून उठून त्यांच्याशेजारी जागा घेतली. शिवाय प्रयोग चालूच. चाळीतल्या माणसांना गाडीत भरायचं आणि माझगावच्या टेकडीचा चढ चढून बघायचा. माझी बायको भाजी आणायला निघाली होती, तर तिला म्हणाले, "पाच मिनिटं वजन म्हणून बस गो." ती बसली. भाजी त्या दिवशी दुपारी आली.

शेवटी मोहिते कंटाळला. मी तेव्हा काकांबरोबर गॅरेजात होतो. त्याने सरळ विचारलं, "काका, एकदा सांगा, गाडीत माणसं किती बसणार?"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर चार नावं आणि पुढे वजनं होती. स्वतः काका, नितीन, सून. शेवटचं नाव नातीचं: सई, सोळा किलो.

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर मी सईला पाहिलं होतं. चांगली उंच झाली होती. मी हळूच म्हणालो, "काका, सई आता दहा वर्षांची आहे ना?"

मोहिते हात पुसत आत निघून गेला. मग काकांनी सांगितलं. सोळा किलो त्यांनी स्वतः बघितले होते, गावच्या दुकानात तिला काट्यावर बसवून. ती चार वर्षांची होती तेव्हा. त्याच दिवशी घरी जाताना व्हाळातल्या, म्हणजे वाटेतल्या ओढ्यातल्या, दगडांवर जीपचं पोट टेकलं. अडीच तास गाडी ना पुढे, ना मागे. पोर रडून रडून झोपली. नितीन तेव्हा म्हणाला, की माझी मुलगी पुन्हा या गाडीत बसणार नाही. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून तिघं मुंबईला गेली. त्यानंतर गावाला कोणी आलं नाही.

दगडांवरून पोट सुटावं म्हणून मोठे टायर. टायर घातले, तर भरल्या गाडीला घाट चढवेना. म्हणून आता पिनियन. एकट्याने जायचं असतं, तर काकांना यातलं काहीच करायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून नितीनला फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता सईचं वजन विचारलं. नितीनने का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गाडीचं काम काढलंय." मग सईचाच आवाज आला, एकतीस. काकांनी सोळा खोडून एकतीस लिहिले. सकाळी मोहितेला काम सुरू करायला सांगितलं.

मे महिन्यात नितीनला सुट्टी मिळाली नाही. डिसेंबरचं बघतो म्हणाला. मग काकाच आमच्या दारात आले आणि मला, बायकोला आणि मुलीला, आम्हा तिघांना गावाला चला म्हणाले. घाट जीप तिसऱ्या गिअरमध्ये चढली. व्हाळाशी मात्र काकांनी वेग अगदी कमी केला. चाकं दगडांवरून चढली, उतरली, आणि कुठेही काही न लागता आम्ही पलीकडे आलो.

काठावर त्यांनी इंजिन बंद केलं. माझ्या मुलीने विचारलं, आलं का घर? काकांनी तिच्याकडे वळून बघितलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "नितीनला सांगू नको हां, तुम्हाला आधी आणलं म्हणून. त्याला वाटेल, त्याची जागा भरली."