वेगळी चूल, दुप्पट अनुदान

गच्चीवर सौर पॅनेल बसवली तर सरकार प्रत्येक कुटुंबाला अठ्ठावन्न हजार रुपये अनुदान देणार होतं. ही बातमी गल्लीत सगळ्यांनी वाचली. 'प्रत्येक कुटुंबाला' हे दोन शब्द मात्र एकट्या ऑडिटरने वाचले. घरात एक कुटुंब असलं तर अठ्ठावन्न हजार, दोन निघाली तर एक लाख सोळा हजार! घर तेच, गच्ची तीच, ऊनही तेच. फक्त एका कुटुंबाची दोन करायची.

ऑडिटर हे त्याचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. एकतीस वर्षं तो लेखा कार्यालयात कारकून होता. लोकांच्या प्रवासभत्त्याच्या बिलांतून रिक्षाचे पैसे कापण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर कापायला बिलं उरली नाहीत, तेव्हा त्याने मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. तेलाच्या बाटलीवर रोज सकाळी पेन्सिलीची रेघ. साखरेचा चमचा सपाट, शीग आलेली दिसली की चौकशी. ही चौकशी व्हायची धाकट्या भावाच्या बायकोची, कारण चार माणसांचा स्वयंपाक गेली एकोणीस वर्षं तीच करत होती. थोरली, म्हणजे ऑडिटरची बायको, गुडघ्यांमुळे ओट्याशी उभी राहू शकत नसे. ती बसून भाजी निवडायची आणि नवऱ्याची पाठ वळली की तेलात दोन थेंब पाणी घालून पातळी रेघेपर्यंत आणून ठेवायची.

अर्ज भरताना कळलं की कुटुंब वेगळं धरायचं तर वीजमीटर वेगळा हवा, चूल वेगळी हवी आणि तसं प्रतिज्ञापत्र हवं. ऑडिटरला यात अडचण दिसलीच नाही. नियम म्हणजे त्याच्या माहेरची माणसं. वरच्या मजल्यावर दुसरा मीटर घेतला. अर्जदार बाई असली की तीनशे रुपये शुल्क माफ होतं, म्हणून मीटर धाकटीच्या नावावर घेतला. जुन्या बाजारातून एक शेगडी आणली, चार भांडी आणली, आणि ती नवी दिसू नयेत म्हणून त्यांची बुडं स्वतः मेणबत्तीवर धरून काळी केली. दोन्ही पॅनेलांचे पैसे आपल्या ठेवीतून भरले. दोन लाख ऐंशी हजार गेले, पण एक लाख सोळा हजार परत येणार होते. वरचं अनुदान धाकटीच्या खात्यात जमा होणार, हे त्याला ठाऊक होतं. काढून आणून देईल, जाते कुठे!

प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्याने स्वतः केला. नमुन्यात एकच ओळ होती, 'आम्ही विभक्त राहतो.' एवढ्याने ऑडिटरचं समाधान होईना. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज 'तपशील अपुरा' म्हणून परत पाठवले होते. त्याने पुढे जोडलं की उभय कुटुंबप्रमुखांत वितुष्ट आलेलं असून, खालील कुटुंबप्रमुखाचं वरच्या मजल्यावर जाणं-येणं, जेवणखाण व बोलचाल कायमची बंद आहे.

धाकटा भाऊ छापखान्यात प्रुफं तपासायचा. त्याच्यासमोर कागद ठेवला तेव्हा त्याने 'वीतुष्ट'चं 'वितुष्ट' केलं, एक स्वल्पविराम हलवला आणि सही केली. मजकुराबद्दल विचारलं असतं तर त्याला काही सांगता आलं नसतं. खाली ऑडिटरची सही झाली. बायकांच्या सह्या कोणी मागितल्या नाहीत.

आता गल्लीलाही पटायला हवं, कारण पाहणीला येणारे शेजारी विचारतात. म्हणून ऑडिटरने जिन्यात उभं राहून तीन दिवस भांडण केलं. भांडायला धाकटा खाली येईना, तेव्हा दोन्ही बाजू त्यानेच चालवल्या. वाण्याने धाकटीला महिनाभर उधार देऊ केलं. शिंपीणबाई थोरलीचं सांत्वन करायला आली आणि दुपारचा चहा पिऊन गेली. त्या चहाची साखर ऑडिटरने नोंदली, पण मोठ्या मनाने 'प्रकल्पखर्च' या सदरात.

मंगळवारी अकराच्या सुमाराला पाहणीच्या बाई आल्या. खालचं सगळं बघून वर गेल्या. ऑडिटर जिन्याच्या वरच्या पायरीवर अर्धवट लपून ऐकत होता. बाईंनी शेगडी पाहिली, काळी भांडी पाहिली आणि धाकटीला विचारलं की चूल वेगळी करण्याचं कारण काय.

'वाटणीवरून वाद' हे उत्तर ऑडिटरने तिच्याकडून आठ वेळा पाठ करून घेतलं होतं. धाकटी पदराने ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "बाई, एकोणीस वर्षं मी या घरात भाकरी मोजून भाजल्या. माझी आई आली होती एकदा. तिला दुसऱ्यांदा भाजी वाढली, तर संध्याकाळी मला विचारलं, ही जादा वाटी कोणाच्या खात्यात घालू? आईने ऐकलं ते. परत आली नाही ती. तेव्हापासून मला आपली चूल हवी होती."

ऑडिटर जाम खूश झाला. काय बेमालूम खोटं बोलते! त्याने पायरीवरून मान डोलावून तिला उत्तेजन दिलं. बाईंनी चष्मा पुसला आणि दोन्ही अर्जांवर 'मंजूर' लिहिलं.

संध्याकाळी सात वाजले तरी खाली शेगडी पेटेना. ऑडिटरने जिन्याखालून हाक मारली, "अगं, बाई गेल्या. आता ये खाली."

"येता नाही यायचं, भाऊजी," वरून उत्तर आलं. "बाई सांगून गेल्यात. पाच वर्षांत कधीही न कळवता पाहणी होईल. एक चूल सापडली तर अनुदान दुप्पट वसूल करतील."

ऑडिटरने नियमावली काढली. कलम होतं. तळटीपही होती. तो वाद घालू शकत नव्हता, कारण वाद नियमाशी होता, आणि नियमाशी भांडायची त्याला सवय नव्हती. तो थोरलीला म्हणाला, "बरं, आजच्या दिवस तू भात टाक."

थोरलीने चपला घातल्या. "मी वर जेवते."

"तुला कसं जाता येईल? प्रतिज्ञापत्र आहे!"

"त्यात तुमचं जाणं बंद आहे. माझी सही कुठाय?"

आणि जे गुडघे ओट्याशी दहा मिनिटं टिकत नसत, ते सोळा पायऱ्या चढून गेले.

धाकट्याला ऑडिटरने दुसऱ्या दिवशी दारात गाठलं. कागद मागे घेण्याचा अर्ज करू या, म्हणाला. धाकट्याने खिशातून प्रतिज्ञापत्राची प्रत काढली, 'बोलचाल' या शब्दावर बोट ठेवलं आणि कामावर गेला.

महिनाभरात अनुदान आलं. अठ्ठावन्न हजार ऑडिटरच्या खात्यात, अठ्ठावन्न हजार धाकटीच्या. तिने ते काढून आणले, पण खाली आणले नाहीत. विजेची शेगडी घेतली, दोन जास्तीच्या थाळ्या घेतल्या आणि आईला बोलावून घेतलं. वरची वीज आता उन्हावर चालते, त्यामुळे किती शिजतं याला धरबंद राहिलेला नाही. वास मात्र जिन्याने खाली येतो. वासाबद्दल प्रतिज्ञापत्रात काही लिहिलेलं नाही.

खाली ऑडिटर पावाला लोणी लावून खातो. परवा त्याने वही काढून शेवटचा हिशेब मांडला. सरकारने दिले एक लाख सोळा हजार. वरच्यांनी दिलं शून्य. थोरलीने दिलं शून्य. ऑडिटरने दिले दोन लाख ऐंशी हजार, परत मिळाले अठ्ठावन्न हजार, निव्वळ भरले दोन लाख बावीस हजार, शिवाय रोजचा पाव वेगळा.