पापणी कोणत्या खात्यात येते?

आमच्या तान्ह्या मुलीच्या उजव्या पापणीवर लाल ठिपका उमटला, तेव्हा तो कोणत्या घराण्याकडून आला, हा प्रश्न सर्वप्रथम निकाली काढणे आवश्यक होते. माझ्या आईच्या मते आमच्याकडे असलं काही नव्हतं. सासूबाईंच्या मते त्यांच्याकडच्या पापण्या पिढ्यानपिढ्या निष्कलंक होत्या. चर्चा संपेपर्यंत ठिपक्याची गाठ झाली आणि तिच्या वजनाने पापणी खाली उतरू लागली.

मी कचेरीत अधीक्षक आहे. थांबणे हीसुद्धा एक कृतीच, असे माझे मत आहे.

"प्रकरण निरीक्षणाखाली आहे," मी बायकोला म्हणालो.

"अहो, निरीक्षण तुम्ही करताय. दिसायला तिला हवंय!"

तिने बाळाचा उजवा डोळा तळव्याने झाकला. बाळ हसत राहिलं. मग डावा झाकला. बाळाने घर डोक्यावर घेतलं.

"हिला उजव्यानं दिसत नाहीये," बायकोचा आवाज चिरकला.

"याची नोंद घेतली आहे," मी म्हणालो. मी घाबरलो होतो, पण ते सांगायची माझ्याकडे पद्धत नाही.

आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. नेत्रविभाग म्हणाला, गाठ कातडीवर आहे, त्वचाविभागात जा. त्वचाविभाग म्हणाला, रुग्ण एवढासा, बालविभागात जा. बालविभागाने बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं. डोळ्याजवळचं ते बघत नव्हते. पुन्हा नेत्रविभाग. मला अगदी भरून आलं.

"बघ, कुणी दुसऱ्याच्या अधिकारात ढवळाढवळ करत नाही!"

बायको बाळाला घेऊन तरातरा उपाहारगृहात शिरली. तिथे तिन्ही विभागप्रमुख एकाच टेबलावर चहा पीत होते. तिने कप बाजूला सारले आणि बाळाला मधोमध ठेवलं.

"पापणी कुणाची ते तुम्ही ठरवा. मुलगी माझी आहे."

मी माफी मागायला पुढे झालो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ बोटाने हलकेच दाबली. ती क्षणभर फिकी पडली, परत लाल झाली. मग त्यांनी डोळ्यावर बॅटरी मारली.

"रक्तवाहिन्यांची गाठ आहे. कॅन्सर वगैरे काही नाही. पण बाहुली झाकतेय. या वयात डोळा बघायला शिकतो. झाकलेला राहिला, तर मेंदू त्याला विसरून जातो. आजच सोनोग्राफी करू."

सोनोग्राफीनंतर औषधाचं नाव ऐकून मी उडालोच. "हे तर आमच्या बाबांचं, रक्तदाबाचं!"

"तेच," बालरोगतज्ज्ञ म्हणाले. "यानं गाठ आकसते. आधी हृदयाचे ठोके, साखर बघू. मग थेंबांनी सुरुवात. उपाशीपोटी मात्र द्यायचं नाही."

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. "नात माझ्यावर गेलीय!"

गाठ हळूहळू मावळली, पापणी उचलली गेली. उजवा डोळा आळसावलेला होता, म्हणून रोज काही वेळ डाव्यावर पट्टी लावायची. कामचुकाराला कामाला लावण्यासाठी कामसूला झाकायचं! ही पद्धत कचेरीत राबवण्याचा विचार मी केला. पण झाकायला कामसू सापडेना. पट्टी लावली की बाळ त्या एका डोळ्याने माझ्याकडे टक लावून बघतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चष्मा पुसायला बाहेर गेलो.

आता लोक आपापली बाळं घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी सांगतो, अशा बऱ्याच गाठी आपोआप जातात, पण डोळ्याजवळची असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ते मान डोलावतात, माझे आभार मानतात आणि निश्चिंत होऊन घरी जातात.

तुम्हालाही वाक्याचा पहिलाच भाग आवडला ना?