पाथ्रीकर साहेबांचा नवा कारकून

पाथ्रीकर साहेब रोज सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर उघडून त्यातल्या चॅटबॉटला आमच्या ऑफिसची ओळख करून देत. रोज. अगदी पहिल्यापासून. आणि तीही अहोजाहो करून.

"नमस्कार. ही चितेगावची पाइप बनवणारी कंपनी. आपण प्रशासन विभागात आहात. आमच्या मॅनेजरांना लांब पत्रं आवडत नाहीत आणि कामगारांना अवघड मराठी आवडत नाही. जे माहीत नसेल ते विचारा, मनानं काही घालू नका."

दोन बोटांनी एवढं टाइप करायला त्यांना दहा मिनिटं लागत. मग खुर्चीत मागं रेलून म्हणत, "हां. आता लागा कामाला."

मी शेजारच्या टेबलावरून हसायचो. माझी पद्धत झटपट. एकदा पैठण रोडवर रस्त्याचं काम निघालं, म्हणून कंपनीची बस पंधरा मिनिटं लवकर सुटणार होती. मी लिहिलं, 'बसच्या वेळेची नोटीस दे.' नोटीस आली: 'प्रिय सहकाऱ्यांनो, बदलत्या काळाच्या प्रवाहात वेळेचं महत्त्व अनन्यसाधारण आहे...' असं अर्धं पान. बसच्या वेळेच्या जागी मात्र रिकामी जागा.

साहेबांनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "वाघमारे, याला पहिल्या दिवसाचा कारकून समजा. हुशार आहे, पण आपल्याकडचं काहीच ठाऊक नाही बिचाऱ्याला. तुम्ही सांगितलंच नाही तर काय करणार? नटवणार."

मग त्यांनी त्याला कारण सांगितलं, जुनी वेळ सांगितली, नवी सांगितली, मागची एक चांगली नोटीस नमुना म्हणून दिली. तीन ओळी आल्या. लोक त्या वाचून वेळेवर आले. माझ्या नोटिशीनंतर बस नक्कीच रिकामी गेली असती.

आलेला मजकूर तसाच पुढं पाठवणं त्यांना मंजूर नव्हतं. प्रिंट काढायची, ओळीखाली पट्टी ठेवायची, लाल पेन घ्यायचं. एकदा चॅटबॉटनं नसलेला नियम ठोकून दिला. साहेबांनी विचारलं, "हे कुठून आणलंत?" त्यानं माफी मागितली. साहेबांनी तो कागद सगळ्या टेबलांवर फिरवला. "बघा, चूक कबूल करतो. तुमच्यापैकी कुणी केली होती कधी?" त्यानं 'फारच छान प्रश्न विचारलात' असं म्हटलं की साहेब टाइप करत, 'स्तुती नको.' आणि कामगारांची नावं ते कधी त्यात घालत नसत. श्री. अ., श्री. ब. असंच. "घरच्या गोष्टी नव्या माणसाला लगेच सांगायच्या नसतात," म्हणत.

तर एकदा या श्री. अ.चं नाव खरंच अ वरून निघालं: अंबादास.

अंबादास आमचा शिपाई. घर पाचोडला, खोली चितेगावात, सव्वीस वर्षं नोकरी. तो रिटायर होणार, तेव्हा मॅनेजर मला म्हणाले, "दोन मिनिटांत भाषण काढ." मी चॅटबॉटकडून काढलं. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, संस्थेचा आधारस्तंभ.' भाषण साहेबांनीच करायचं होतं, म्हणून त्यांच्यापुढं ठेवलं.

"यातून अंबादासचं नाव काढा आणि माझं घाला," ते म्हणाले. "चालतंय?"

"चालतंय की."

"मग हे अंबादासचं नाहीच."

त्यांनी चॅटबॉटला सांगितलं, 'भाषण लिहू नका. आधी मला प्रश्न विचारा.' प्रश्न आले. श्री. अ. सकाळी आल्यावर पहिलं काम कोणतं करतात? त्यांच्या घरी कोण कोण आहे? ऑफिसबाहेर लोक त्यांना कशासाठी ओळखतात?

साहेबांनी कीबोर्डवरून बोटं उचलली आणि मला विचारलं, "घरी कोण आहे हो याच्या?"

मलाही ठाऊक नव्हतं.

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही टाइप केलं नाही.

अंबादासची आठवड्याची सुट्टी पाचोडच्या बाजाराच्या दिवशी असायची; त्या दिवशी त्याच्या घरी जायचं म्हणून साहेबांनी रजा टाकली. मी त्यांना कधी रजेवर पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले ते सांगायला लागले. बाजारात एका कडुलिंबाच्या झाडाखाली अंबादास बसला होता आणि भोवती माणसं, हातात फॉर्म, नोटिसा, दाखले. अंबादास प्रत्येक कागद आधी पूर्ण वाचत होता, मग कुठं जायचं, काय जोडायचं ते सांगत होता. आम्ही ज्याला चहा आणायला पिटाळायचो, त्याला तिथं सगळे 'साहेब' म्हणत होते.

पाथ्रीकरांना पाहून तो उठला. लोकांना म्हणाला, "हे माझे साहेब. म्या चहा घेऊन उभा राह्यचो ना, तवा हे नव्या पोरांना समजावून सांगायचे. तितंच शिकलो सगळं. लई सोपं करून सांगतात."

"मला कधी बोलला नाहीस," साहेब म्हणाले.

"तुमी कधी इचारलं नाय, साहेब."

ते भाषण साहेबांनी स्वतःच लिहिलं. चॅटबॉटला फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलं. चार मिनिटं बोलले, झाडाखालचा सगळा प्रसंग सांगितला. अंबादासची बायको पहिल्या रांगेत डोक्यावरचा पदर सावरत ऐकत होती. अंबादास उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "साहेब खरं बोलले." खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते कुणाला कळेना.

त्यानंतर साहेबांना नवीनच खोड लागली. ते कुणाच्याही टेबलाशी येऊन उभे राहत आणि विचारत, "तुमच्या आईचं नाव काय?" "मुलगी कितवीत आहे?" उत्तर ऐकून "बरं" म्हणत आणि निघून जात. आधी सगळे चपापले, नंतर सवय झाली. माझ्याशी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मग सहज विचारलं, "आणि साहेब, तुमच्या घरी कोण कोण?"

शेजारी बसून मला अकरा वर्षं झाली होती.

"आई होती," ते म्हणाले. "ती गेल्याला बरीच वर्षं झाली." मग म्हणाले, "रविवारी या. शहरात, सिडकोत राहतो. पोहे करतो."

मी गेलो. दोन खुर्च्या नीट समोरासमोर मांडलेल्या. टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं. साहेब आतून दोन्ही हातांत धरून पातेलं घेऊन आले. आठ माणसं जेवतील एवढे पोहे होते.

"दोघांना किती लागतात," ते पातेल्यात बघत म्हणाले, "काही अंदाजच आला नाही हो."

मी बशी भरून खाल्ली आणि पुन्हा पुढं केली.