ब्रेक दाबला की हॉर्न

लोकेशसाठी मुलगी पाहायला धानोऱ्याहून सावलीला जायचं होतं आणि त्याचे वडील दादाजी सकाळपासून गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. गाडी लोकेशपेक्षा वयानं थोडीशीच लहान. उन्हाळ्यात डिकीत मोहफुलांची पोती ठेवली, ती खायला उंदीर आले आणि जाता जाता वायरीही कुरतडून गेले. उरलेल्या वायरींचं आवरण हात लावताच पापडासारखं तुटत होतं.

"बाबा, इसरू मिस्त्रीले बोलावतो ना," लोकेश म्हणाला.

"काऊन? तो का मायच्या पोटातून शिकून आला?"

दादाजींनी काळ्या टेपचं अख्खं बंडल गुंडाळलं. गाडी सुरू झाली! फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला.

"अजी, हे का होऊन राह्यलं?" लोकेशच्या आईनं, इंदुताईंनी विचारलं.

"चांगलंच हाये. समोरच्याले आपोआप समजते."

लोकेशनं कपाळावर हात मारून घेतला. आधीच दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि या रीनाचा फोटो तर त्याला मनापासून आवडला होता.

वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत सारं ठीक होतं. सावलीत नेमका बाजार भरला होता. दादाजींनी वळायचा दिवा लावला तर चारही दिवे लुकलुकले आणि वायपर फिरू लागले. नाटकांचा हंगाम होता, जाहिरातीच्या गाड्या अशाच दिवे लुकलुकवत, भोंगे वाजवत फिरायच्या. पोरं ओरडत धावली, "नाटकाची गाडी आली!"

"कोणतं नाटक हाये जी? तिकीट कुठी भेटते?" एकानं खिडकीशी येऊन विचारलं.

गर्दी वाढली की ब्रेक, ब्रेक दाबला की हॉर्न, आणि हॉर्न ऐकून आणखी गर्दी. नानाजींच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या दारी गाडी पोचली तेव्हा मागे अर्धा बाजार होता.

"नाटक नाई जी, पोरगी पाह्याले आलो," दादाजींनी जाहीर केलं. गर्दी हिरमुसली, पण हलली नाही. हे तर फुकटच होतं.

पाहुणे घामाघूम होऊन आत बसले. लोकेशला तर आता नकाराचीच खात्री वाटत होती.

"रीना, पंखा लाव," नानाजी म्हणाले.

रीना उठली, दाराबाहेर गेली आणि तिनं घंटीचं बटण दाबलं. पंखा फिरू लागला.

"घरची सारी वायरिंग मीच केली," नानाजी अभिमानानं म्हणाले. "मिस्त्रीची गरजच नाई."

दादाजींना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. दोघं लगबगीनं बॉनेटकडे निघाले. इंदुताई आणि रीनाची आई एकमेकींकडे नुसत्या पाहत राहिल्या.

मुलामुलीला परसात बोलायला पाठवलं.

"एक विचारू?" रीना हळूच म्हणाली. "घरात काही बिघडलं तं तुमी का करता?"

"मी... मिस्त्री बोलावतो," लोकेश म्हणाला.

रीना पहिल्यांदाच हसली आणि घराकडे वळून ओरडली, "माय, मले पसंत हाये!"

तेवढ्यात समोरच्या बाजूला दोन्ही बापांनी मिळून कुठलीशी वायर जोडली. हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. गर्दीनं टाळ्या पिटल्या.

लोकेशनं खिशातून फोन काढला. "इसरूभाऊ, सावलीले या लवकर. अन् येता येता घराच्या वायरीचंबी सामान आणा."